सुग्रीव सरांसाठी केलेली खुर्ची

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय भागवतराव, मंचावरील मान्यवर, माझे सहकारी, बोरीतले पालक, विद्यार्थी आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे कार्यानुभवाचे शिक्षक सुग्रीव सर, सर्वांना राजेश्रीचा नमस्कार.

अध्यक्षांनी आत्ताच जाहीर केलं, की माझं भाषण संपलं की सर या शालीनं झाकलेल्या खुर्चीवर बसतील आणि फोटो होईल. खरं सांगते, म्हणूनच मी भाषण लांबवणार होते.

ही खुर्ची मी घरी केली. खुब्याच्या ऑपरेशनपासून सरांना बुटक्या खुर्चीवरून उठता येत नाही. म्हणून उंच बैठक, सरळ पाठ, रुंद हात. आणि सरांनीच शिकवलेली बिनखिळ्याची रीत. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत ठोकून बसवायचं. बांधावरची बाभूळ दिवाळीनंतर तोडली. कशासाठी ते न सांगता सरांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, वरीसभर सावलीला पडू द्या. ओल्या लाकडाचा सांधा आज घट्ट बसतोय अन् उन्हाळ्यात दगा देतोय." पण निवृत्तीची तारीख कुणासाठी थांबते का? मार्चमध्येच मी रंधा हातात घेतला.

आज सकाळी मागचा डावा पाय हलायला लागला. पत्र्याच्या खोलीत लाकूड वाळून आकसलं होतं. आमचे हे, योगीराज, म्हणाले, "मार एक खिळा, वरून पॉलिश. कोन बघायलंय?" मी मारला. लाकडाला बारीक चीर गेली. ती भुसा आणि डिंकानं बुजवली आणि वर शाल टाकली.

सर, उठू नका. भागवतराव, त्यांना हात देऊ नका, कृपा करून. पंकजाताई, तुम्ही सरांच्या शेजारी आहात, त्यांना आहेत तिथंच बसू द्या.

सर पुन्हा पडता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलंय. एवढ्या लोकांसमोर लाज जाईल म्हणून मी गप्प राहणार होते. पण तो पाय सरांचं वजन पेलेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. खुर्ची मी परत नेते आणि वाळलेल्या लाकडाचा नवा पाय करते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. खुर्चीबद्दल मात्र माफी नको, सर. उद्या सकाळी घरी या, आणि वर्गात पोरांना रागवायचात तसं मला रागवा.