रक्ताची बदली

नाही किसनकाका, ती रक्त तपासायची चिठ्ठी ठेवा तुमच्याजवळच. तुमच्या नावावर मी सुई नाही टोचून घ्यायचा — अहो, दोन मिनिटांचं काम आहे, मला पण माहीत आहे! बसा. एकाच मांडीवर बसता म्हणजे हर्निया ना? मग! माझा आप्पा अस्साच बसायचा. कोण आप्पा? बाप माझा, सुकलाल. लिंबायतला आमच्या गल्लीत कोणालाही विचारा — म्हणजे आता काय विचारता, जाऊ द्या.

मी सातवीतून पळालेला, पण बदलीत एक नंबर. शाळेत रिझल्टवर आप्पाची सही मीच ठोकायचो. त्याला दुखलं की लूमच्या खात्यात त्याच्या जागी मी उभा — शेठला काय, हजेरीत 'सुकलाल' म्हटलं की कोणीतरी 'हो' म्हणायला पाहिजे. तुमच्या खात्यात पण हेच चालतं ना? बघा! तर इथं सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या साली आप्पाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हटला, आधी रक्त तपासा. आणि आप्पा — कापडाचे एवढाले गठ्ठे उचलणारा माणूस — सुईला भ्यायचा! हसू नका, तुमचे पाय बघा कसे हलताय. मी म्हटलं, आप्पा, तू जा ड्यूटीवर, मी जातो तुझ्या बदली, आपलं रक्त एकच ना? पटलं त्याला. याच बाकड्यावर बसलो. आतून हाक आली, "सुकलाल! चालो, हाथ लांबो करो." केला लांब. चिठ्ठीवर वय बेचाळीस, मला मिसरूड पण नाही — कंपाउंडरने मान वर केलीच नाही.

रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हटला, "सुकलालभाई, तुम्हारा खून तो एकदम जवान है." आप्पाने मला डोळा मारला. बाहेर येऊन एवढे हसलो, एवढे हसलो — त्याने एका हाताने हर्निया धरला होता, एका हाताने मला.

शुगर होती हो त्याला. भलती. सारखा पाणी प्यायचा, मोरीत मुंग्या लागायच्या — मी त्याच्यावर पण जोक करायचो, आप्पा, मिठाईचं दुकान टाक! आम्हाला काय कळणार? या चिठ्ठीला कळलं असतं. आधी शुगर उतरवली असती, मग कापलं असतं. टाके भरलेच नाहीत. सडले. मोठ्या दवाखान्यात परत रक्त काढलं — त्याचंच, या वेळी — आणि तिथला डॉक्टर जुना रिपोर्ट धरून विचारतो, ये नॉर्मल कैसे? आप्पाने माझ्याकडे पाहिलं. बाविसाव्या दिवशी गेला, तोवर नाही बोलला.

माय अजून कंपाउंडरला शिव्या घालते, खोटा रिपोर्ट दिला म्हणून. खोटा कुठं होता? अस्सल होता. माझा होता. आता तिच्या पिशवीचं ऑपरेशन आहे, त्याचंच रक्त द्यायला आत गेलीय. शेजारीण म्हणे, प्रमिलाबाई, मी जाऊ का तुमच्या जागी? असा ओरडलो तिच्यावर! मायला वाटलं, पोरगं येडं झालं. तिला माहीत नाही ना काही. कोणालाच नाही — मग तुम्हाला कसं सांगून बसलो मी? तुम्ही कोण माझे?

गप. आली ती, कापूस दाबून. — काई नई माय, काकाले टाईम इचारी ऱ्हायंतू. — ऐकू नाही येत, काका? किसन म्हणून हाक मारताय. तुमचंच नाव आहे. उठा.