खारफुटीत कोण राहतं?

अगं, परवा ईराच्या शाळेतून बोलावणं आलं आणि मला रात्रभर झोप नाही. चौथीतली पोर, नापास-बिपास झाली की काय! गेले. परिसर अभ्यासाच्या मॅडमनी तिचा पेपर माझ्यासमोर टाकला. प्रश्न होता, 'खाडीकाठच्या खारफुटीत कोण राहतं?' ईराने लिहिलेलं, 'आम्ही.' त्यावर ही एवढी मोठी लाल फुली.

"चेष्टा करते का ही?" मॅडम म्हणाल्या.

मी घाबरत घाबरतच म्हटलं, "मॅडम, आमची कळव्याची बिल्डिंग खारफुटी तोडून, भराव टाकूनच उभी राहिलीय. आम्हीच सांगितलंय तिला."

"असेल. पण पुस्तकात खेकडे, मासे आणि पक्षीच आहेत. मार्क मिळणार नाही."

आणि धडा कुठला, तर माणसाने जमिनीचं काय केलं! तरी मी निमूट उठले. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. तेवढ्यात मॅडम हळूच विचारतात, "तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादा फ्लॅट रिकामा आहे का हो? खाडी दिसणारा?"

म्हटलं, "कसला फ्लॅट, मॅडम? तिथे खेकडे, मासे आणि पक्षीच राहतात."