न उचललेल्या दोन रिंगा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, ज्यांनी आत्ताच माझं इतकं कौतुक केलं की घरी जाऊन आरशात खात्री करून घ्यावी लागेल, ते व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, चौतीस वर्षं माझी बडबड सोसलेले माझे सहकारी, मागच्या दाराशी उभी असलेली कँटीनची आणि बागेची मंडळी, आणि पहिल्या रांगेतून 'कॉलरचं बटण लावा' अशी खूण करणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

लावलं बटण.

सुरुवातीलाच एक परवानगी मागतो. सूत्रसंचालकांनी सर्वांना फोन बंद करायला सांगितलं. बिनतारी संपर्काच्या संशोधन संस्थेत तसं सांगावं लागतं, यापेक्षा मोठा गौरव आपला कोण करणार? पण माझा फोन मी चालू ठेवला आहे आणि इथे माईकशेजारी ठेवतो आहे. आता चारला सहा मिनिटं कमी आहेत. चार वाजता तो वाजेल. वाजावा. वाजला तर मी तो उचलणार नाही, तेव्हा भाषणात व्यत्यय येणार नाही, याची खात्री बाळगा.

निरोपाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला शाळा आठवते, हा निसर्गनियम आहे. माझ्या वर्गात भिंतीला ओल होती आणि खिडकीला एक गज कमी होता. त्या खिडकीशी बसून मी कवितांच्या तासाची वाट पाहायचो. गुरुजी चालीवर कविता म्हणायचे आणि आम्ही पन्नास जण त्यांच्या मागून. सातवीत मीही एक कविता पाडली. पाडली म्हणजे आंब्यासारखी नव्हे, दातासारखी. तिच्या दोन ओळी आजही पाठ आहेत:

वाटेवरती कुणी नसे, तरि दिवा कशाला दारी?
कोण कधी येईल न ठावे, त्याची ही तय्यारी.

गुरुजींनी वही परत दिली. खाली लाल शाईत एवढंच लिहिलेलं होतं: 'दिवा ठीक. तेलाचं काय?'

मंडळी, माझं सगळं संशोधन म्हणजे त्या लाल शाईला दिलेलं उत्तर आहे. टॉवरवर कोणी बोलत नसलं तरी तो दर क्षणाला ओरडत असतो, 'मी इथे आहे, मी इथे आहे.' ऐकणारा असो नसो, वीज जळत राहते. जिथे वीज पोचत नाही तिथे डिझेल जळतं. उद्याच्या जाळ्यात एकेका टॉवरवर शेकडो अँटेना असतील, आणि माणसांच्या कितीतरी पट यंत्रं आपापसात बोलतील. एवढं तेल घालायचं कोणी? म्हणून आम्ही टॉवरला झोपायला शिकवलं. गिऱ्हाईक नसलं की त्यानं डोळा लावायचा, शेजारच्या टॉवरनं आवाज चढवून त्याचं अंगण सांभाळायचं, आणि वर्दळ वाढली की शेजाऱ्यानं याला हाक मारून उठवायचं. चाचणीत शंभरातले अडतीस हिस्से वीज वाचली. तो आकडा आपण निमंत्रणपत्रिकेवर वाचलातच. आणि या फुलदाणीशेजारी ती जी हिरवी कळ ठेवली आहे, ती माझं भाषण संपलं की अध्यक्षमहोदय दाबणार आहेत. मग अकराशे चाळीस टॉवर झोपायला शिकतील. निरोपाची भेट म्हणून माणसाला घड्याळ देतात. मला एवढं मोठं काही मिळतं आहे, आणि गेले अठरा दिवस मला जेवण जात नाही.

का जात नाही, ते सांगायलाच मी उभा आहे. कौतुकाला उत्तर देण्याच्या निमित्तानं सांगतो आहे, एवढंच.

कोणता टॉवर केव्हा रिकामा असतो, हे यंत्राला शिकवायला आम्ही दोन वर्षांच्या नोंदींचा तक्ता केला. तिसऱ्या रांगेत चष्मा पुसत बसल्या आहेत त्या आमच्या मोजणीबाई. तक्ता त्यांच्या हातचा. एके दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या नि म्हणाल्या, "सर, जे कॉल कोणी उचललेच नाहीत, ते ठेवायचे की गाळायचे?"

मी मान वर न करता म्हणालो, "गाळा. जे बोललेच नाहीत, ते कशाला मोजायचे?"

"पुष्कळ आहेत सर."

"मग पुष्कळ गाळा."

बाई, आठवतं ना? आठवत नसेल तर बरं होईल, पण तुम्हाला सगळं आठवतं.

आता माझ्या थोरल्या बहिणीविषयी. अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. टेकडीपलीकडच्या एका लहान गावात एकटी राहते. 'माझ्याकडे ये' म्हटलं की म्हणते, "तुझ्या घरात पाय ठेवला की तुझ्या बायकोला दोन म्हातारे सांभाळावे लागतील." तिला फोनवर बोलायला आवडत नाही. पण रोज दुपारी चार वाजता ती दोन रिंगा देते आणि कट करते. अर्थ असा, की मी बरी आहे. मी उलट एक रिंग देतो. अर्थ असा, की कळलं. तीन रिंगा आल्या तर फोन करायचा. अकरा वर्षांत तीन रिंगा दोनदाच आल्या, आणि त्यातल्या एकदा मांजर व्याली म्हणून.

चार वाजले आहेत. बरं. तिचं घड्याळ कधीकधी मागे असतं.

चाचणीसाठी आम्ही तक्त्यातले सगळ्यांत रिकामे चौदा टॉवर निवडले. त्यात अक्काच्या गावचा होता. मी तो मुद्दाम निवडला नव्हता. तक्त्यात दुपारच्या रकान्यात शून्य होतं, म्हणून तो आला. दुसऱ्या दिवशी चारला रिंग आली नाही. मी अहवाल लिहीत होतो. म्हटलं, विसरली असेल. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन लावला, तर संपर्कक्षेत्राबाहेर. चौथ्या दिवशी सकाळची बस धरली.

गावात पोचलो तेव्हा चारला थोडाच अवकाश होता. घराला कुलूप नव्हतं आणि आत अक्का नव्हती. शेजारचा शिंपी म्हणाला, "वर बघा." वर बघतो तर अक्का पाण्याच्या टाकीला टेकून गच्चीवर उभी, एका हातात फोन, दुसऱ्यानं पदर सावरलेला. आणि तिच्या एकटीच्या नव्हे, गावातल्या सगळ्या गच्च्यांवर माणसं. सुईणबाई होत्या, पिठाच्या गिरणीवाला होता, एका घराच्या कौलांवर अख्खं कुटुंब होतं. सगळ्यांचे हात वर. शिंपी मला म्हणाला, "टॉवर हल्ली दुपारचा झोपतो हो. वय झालं असेल बिचाऱ्याचं."

मी खालून ओरडलो, "अगं अक्का, खाली ये!"

"काय रे धाकट्या! तुझ्या फोनला काय धाड भरली आहे? तीन दिवस शिडी चढते आहे मी!"

त्या शिडीला अकरा पायऱ्या आहेत. आठवी सैल आहे. अक्का उतरताना मी ती हातानं दाबून धरली होती, म्हणून मला ठाऊक.

चहा घेताना कळलं, की ते सगळं गाव रिंगांवर चालतं. बसचा चालक वळणावरून एक रिंग देतो, मग माणसं फाट्यावर जातात. सुईणबाईंना एक रिंग म्हणजे कळा सुरू झाल्या, दोन म्हणजे पळत या. दळण झालं की एक रिंग. दिवसभर गाव एकमेकांशी बोलत असतं आणि एकही कॉल कोणी उचलत नाही. आमच्या तक्त्यात मात्र शून्य. टेकडी मध्ये असल्यामुळे शेजारच्या टॉवरचा आवाज गच्चीपर्यंतच पोचतो, तोही कधी येतो, कधी जातो. आमच्या यंत्रानं समजून घेतलं, की जिथे बोलणं नाही तिथे माणूस नाही. यंत्राला दोष कशाला देऊ? माझंच वाक्य पाठ केलं त्यानं.

चार वाजून पाच मिनिटं.

परत आल्यावर मी काय केलं असेल? उभ्या उभ्या अध्यक्षमहोदयांच्या खोलीत जाऊन सांगितलं असेल, असं आपल्याला वाटेल. मलाही बसमध्ये तसंच वाटत होतं. पण पत्रिका छापून झाल्या होत्या. अडतीसचा आकडा ठळक अक्षरांत होता. मी नियंत्रणकक्षात गेलो, आपण ज्यांना लाडानं जागल्या म्हणतो त्यांना म्हटलं, "हा एक टॉवर झोपेच्या यादीतून काढा. तांत्रिक अडचण आहे." त्यांनी काढला. मी अक्काला कळवलं, की आता शिडी चढू नकोस, माझा शब्द आहे. आणि मग खोलीत येऊन अकराशे चाळीस टॉवरच्या अहवालावर सही केली.

माझ्या अक्कापुरतं मी पाहिलं, मंडळी. बाकीच्यांच्या अक्कांचं काय? हे लाल शाईत कोणी लिहिलं नाही, म्हणून मला दिसलं नाही असं म्हणू?

फोन अजून वाजत नाही. एरवी इतका उशीर ती... काय म्हणता जागल्या? उभे राहून सांगा, ऐकू येत नाही.

सकाळी? समारंभासाठी नवी यादी चढवली, चौदाच्या चौदा टॉवर पुन्हा झोपेच्या यादीत घातले... म्हणजे तो झोपला आहे.

अध्यक्षमहोदय, आपली माफी मागून विनंती करतो, यांना आत्ता जाऊ द्या. तो टॉवर उठायला चार मिनिटं लागतात, आणि ती म्हातारी एव्हाना शिडी शोधत असेल. आभारी आहे. जा, जागल्या, धावा. फुलदाणी पडली तर पडू द्या.

जाऊ नका कोणी. बसा. मला बोलत राहू द्या, गप्प राहिलो तर मला त्या पायऱ्या दिसतात.

हे माझं पत्र. अहवालावरची सही मी मागे घेतो आहे. पत्र आठ दिवस खिशात होतं, म्हणून त्याला घड्या पडल्या आहेत. मी ते कळीशेजारी ठेवतो. मी वीज वाचवण्याच्या विरुद्ध झालो, असं कृपा करून समजू नका. गुरुजींचा प्रश्न खराच आहे, तेल अपुरंच आहे. पण समोर बसलेल्या तरुण संशोधकांनो, माझ्याकडून राहिलेलं काम तुमच्या पदरात टाकतो. उद्याच्या जाळ्यात बोलणाऱ्यांपेक्षा नुसते वाट पाहणारेच अधिक असतील. शेतातलं पाण्याचं मापक असेल, आजाऱ्याच्या उशाचं यंत्र असेल. दिवसभरात एकच शब्द बोलणारी, आणि तो एकच महत्त्वाचा. बोलणाऱ्याला कोणीही मोजेल. वाट पाहणाऱ्याला कसं मोजायचं? झोपलेल्यानं किती वेळात उठायचं? चार मिनिटं फार होतात, हे तुम्ही आत्ता माझ्या चेहऱ्यावर वाचत असालच. टेकडीला काय समजवायचं? ही उत्तरं तुम्ही शोधा. गाळलेले कॉल मात्र मोजणीबाईंपाशी आहेत. मी गाळा म्हटलं तरी त्यांनी ते वेगळ्या कपाटात जपून ठेवले, हे मला परवा कळलं. बाई, माझ्या नोकरीतली सगळ्यांत वाईट आज्ञा तुम्ही मोडलीत.

अध्यक्षमहोदयांनी कळ उचलून खणात ठेवली. मी पाहिलं. ऋणी आहे.

आता आभार. संस्थेचे आभार, तिनं मला चूक करण्याइतकी मोठी खुर्ची दिली. सहकाऱ्यांचे आभार. कँटीनचे आभार, तिथे बिनसाखरेचा चहा कपातून आणि साखरेचा ग्लासातून येतो, आणि मला चेष्टा म्हणूनसुद्धा कधी ग्लास आला नाही. आणि माझ्या पत्नीचे, जी आत्ता बटणाकडे नव्हे, फोनकडे बघते आहे...

थांबा.

ऐकलंत? एक. दोन. थांबली.

अंगणातून दिली की शिडीवरून, ते रिंगेवरून कळत नाही. पण दोन आहेत, तीन नाहीत. मोजणीबाई, चार वाजून अकरा मिनिटं. लिहून घ्या: एक कॉल, उचलला नाही, मोजला.

बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. आणि शेवटचं वाक्य आपल्याकडे पाठ फिरवून बोलतो आहे, त्याबद्दलही क्षमा असावी. मला उलट एक रिंग द्यायची आहे. ती तिकडे वाट पाहते आहे.