सीमा म्हणजे शीव नव्हे

आधी माझं नाव नीट लिहून घ्या, मॅडम. तुळशीराम. शी दीर्घ. चाळीस वर्षं मी नांदगाव खंडेश्वरला कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसलो, लोकांची नावं, गटनंबर, गाऱ्हाणी शुद्ध अक्षरात लिहून दिली, आणि आता माझंच नाव गावानं वेशीवरच्या फलकावर ऱ्हस्व करून टांगलं आहे. महामारीत गावाची शीव बंद ठेवणारे मार्गदर्शक म्हणून टांगलं आहे, आणि मला न विचारता टांगलं आहे. तो फलक खोटा आहे, आणि तो वाचून जे माझ्यामागे हसतात तेही खोटे आहेत.

तुम्ही शाळेच्या, बाहेरगावच्या, गावाची स्मरणिका काढून राहिल्या, चांगली गोष्ट आहे. पण माझ्याआधी तुम्ही तिघांकडे जाऊन आल्या हे मला माहीत आहे. सरपंच दिनेशनं सांगितलं असेल की गावानं एकजुटीनं शीव बंद केली म्हणून गाव वाचलं. ओट्यावर बसून सरकारला नावं ठेवणाऱ्या किसनाजीनं सांगितलं असेल की अर्जनवीस बोलला म्हणून केली, आम्हाला काय समजते. आणि नळावरच्या बायांनी सांगितलं असेल की तुळशीरामनं सख्ख्या बहिणीले रपट्यावरून वापस पाठवलं. यातलं एकही पूर्ण खरं नाही. तो मोबाइल इकडं ठेवा, मला दिसेल असा. मी शुद्ध बोलतो, पण राग आला की तोंडी वऱ्हाडी येते, ती दुरुस्त करू नका. दुरुस्त केली तर तो माणूस मी नव्हे.

आमचं घराणं माळ्याचं. वडील शेवंती, झेंडू, वांगी पिकवत. गावाबाहेरच्या या नाल्याच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे अकोला, आणि आमची विहीर अलीकडे, दोन एकर पलीकडे. म्हणजे काय सांगू तुम्हाला, आम्ही अमरावतीत पाणी पीत होतो आणि अकोल्यात भाकर खात होतो, आणि आमच्या मायले या दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या, तिच्या लेखी तो नुसता नाला होता. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की धाकट्या बहिणीला मी खांद्यावर घेऊन पलीकडे नेत असे. वच्छला तिचं नाव, आम्ही वच्छी म्हणतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. खांद्यावर बसून माझे केस धरायची आणि म्हणायची, भाऊ, तू पडला त मी तुले मारीन. असं बोलणं तिचं. पुढं तिचं लग्न नाल्यापलीकडच्याच गावात झालं, मूर्तिजापूर तालुक्यात, दीड कोसावर. नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पायी तासाभराची वाट. दर आठ दिवसांनी ती येई नाहीतर मी जाई.

शब्दाचं मोल मला कचेरीसमोर कळलं. एक बाई आली होती, तिचा अर्ज परत आला होता. तिच्या पोरानं लिहिलं होतं, आमचे घर पडके आहे. मी म्हटलं, बाई, पडकं घर आधीपासून पडकं असते, पावसानं पडलेलं घर पडलेलं असते, मदत पडलेल्याला मिळते, पडक्याला नाही. एक शब्द बदलला आणि तिचा अर्ज मंजूर झाला. तेव्हापासून मी शब्द तपासून घेतो, सरकारचा असो की सरपंचाचा. त्याला हे लोक संशयी स्वभाव म्हणतात. म्हणोत.

तर बिमारी आली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रोज सभा भरू लागली, अंतर ठेवून भरे म्हणा, अंतर म्हणजे दोन माणसांमध्ये एक चप्पल. किसनाजी म्हणे, सरकारनं विमानं उशिरापर्यंत चालू ठेवली अन् आपली एसटी आधी बंद केली, बिमारी काय एसटीनं आली काय बे? दिनेश म्हणे, काका, सरकारले आपल्यापेक्षा जास्त समजते. किसनाजी म्हणे, मंग रोज नवा कागद काहून काढून राहिले? काल म्हनत भाजी सकायी विका, आज म्हनत दुपारी विका, बिमारी घड्याळ पाहून येते काय? दिनेश चिडे, तुमाले काही सांगनंच बेकार हाय जी. मी दोघांवरही विश्वास ठेवत नसे. जो म्हणतो सरकारनं केलं ते सगळं बरोबर, त्याला काहीतरी पाहिजे असते, आणि जो म्हणतो सगळं खोटं, त्यालाही काहीतरी पाहिजे असते. दिनेशला निवडणूक पाहिजे होती. किसनाजीला ऐकणारे पाहिजे होते. मला काय पाहिजे होतं ते मी पुढं सांगतो.

एक दिवस दिनेशनं मोबाइल आणला. म्हणाला, काका, आदेश आला, तुमी वाचा, तुमची भाषा हाय. मी पाहिलं, तो आदेशाच्या फोटोचा फोटो होता. सही अर्धी कापलेली, जावक क्रमांकाच्या जागी कोणाचा तरी अंगठा आलेला. मी म्हटलं, ज्या कागदाचा जावक क्रमांक दिसत नाही तो माझ्या लेखी कागद नाही. तो म्हणाला, काका, लोक मरून राहिले अन् तुमी क्रमांक पाहता. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी वाचलं. जिल्ह्याच्या सर्व सीमा पुढील आदेशापर्यंत बंद. आजारी माणसांना, औषधपाण्याला सूट, असं खाली बारीक अक्षरात होतं. तेही मी वाचलं. मोठ्यानं वाचलं की हळू वाचलं यावर वाद आहे, पण वाचलं.

मग किसनाजीनं विचारलं, सीमा म्हंजे काय जी?

आणि इथून सगळ्यांच्या हकीकती फुटतात. फलक म्हणतो, तुळशिरामजींनी शीव बंद करण्याचे मार्गदर्शन केले. मी पाच वर्षं सांगून राहिलो की शीव हा शब्द त्या कागदात नव्हता. तुम्ही तपासा. सीमा म्हणजे जिल्ह्याची हद्द, तिथं पोलीस उभे राहतात, नाका लागतो, ते सरकारचं काम. शीव म्हणजे गावाची. आणि आमच्या गावात शीव हा नुसता शब्द नाही. माझ्या लहानपणी पटकी आली की शीव बांधत, रस्त्यावर कडुनिंबाचं तोरण, लिंबू-मिरच्या, मरीमायचा गाडा हळद-कुंकू लावून ओढत नेत आणि दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडून येत. त्या गावानं तो पुढच्या गावात ढकलायचा. आमच्या गावानं तो कायम नाल्यापलीकडं ढकलला, वच्छीच्या सासरकडं. आम्हाला तेव्हा त्यात काही वाईट दिसलं नाही. तर अशा गावात सीमा शब्दाचा अर्थ शीव म्हणून सांगितला की मग कोणी सूट-बिट ऐकत नसते. दुसऱ्या दिवशी तिन्ही रस्त्यांवर बाभळीचे काटे पडले. रपट्यावर पोरांनी ट्रॉली आडवी लावली. बायांनी वरून तोरण बांधलं. दिनेशनं त्या तोरणाखाली उभं राहून फोटो काढला आणि सगळीकडं पाठवला, शासनाच्या आदेशाचे काटेकोर पालन. शासनानं लिंबू बांधायला कधी सांगितलं होतं?

तुम्ही विचाराल, तुळशीरामजी, तुम्ही तेव्हाच काहून नाही सांगितलं? मी सांगितलं. दिनेशला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणतो नाही सांगितलं. कदाचित मी सांगणार होतो. पुढं चला.

आठवडा झाला नसेल. सकाळी दहाचा सुमार. एक पोरगं बोलवायला आलं, आबाजी, रपट्यावर या, तुमची बहीन आली. मी गेलो. वच्छी ट्रॉलीच्या पलीकडं उभी होती, तोंडाला पदर, हातात पिशवी. तिचा मुलगा सुरतेला अडकलेला, सून त्याच्यासोबत, घरी ती एकटी. रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या. नाल्याच्या काठाकाठानं चालत आली होती. ती खोकली असं बाया सांगतात. खोटं आहे. शेजारच्या वावरात कापसाची वाळलेली पऱ्हाटी जाळून राहिले होते, धुरानं मीही खोकलो, मला कोणी शिवेबाहेर काढलं नाही.

दिनेश म्हणतो, आम्ही तिला अडवलंच नाही, आम्ही फक्त काकांना बोलावलं. हे खरं आहे, म्हणूनच ते इतकं लबाड आहे. त्यानं ट्रॉली माझ्या हाती दिली. पोरं म्हणाली, आबाजी, तुमीच त सांगतलं शीव बंद म्हनून, आता तुमीच सांगा काय करू. किसनाजी तिथंच. सारं गाव तिथंच. अंतर कसलं, खांद्याला खांदा लावून उभे. मला एवढंच म्हणायचं होतं की ट्रॉली सरकवा, सीमा म्हणजे शीव नव्हे, माझं सांगण्यात चुकलं. मोजून नऊ शब्द. याहून मोठी वाक्यं मी लोकांना उभ्या उभ्या लिहून दिली आहेत.

मी म्हटलं, वच्छे, आदेश हाय.

ती म्हणाली, कोन्ता आदेस? दाखव.

मी म्हटलं, जिल्ह्याच्या सीमा बंद हायेत, पुढील आदेशापर्यंत.

ती म्हणाली, माह्यं नाव हाय काय त्यात, भाऊ? तुले दिसते त सांग, मले वाचता येत नाही.

तिनं पिशवी रस्त्यावर ठेवली. आत सरगुंडे होते, काडीवर वळलेल्या जाड शेवया, माझ्या घरासाठी केलेल्या. म्हणाली, तुह्या नातवायले दे, अन् पाठ वळवून चालू लागली. गोळ्यांचं रिकामं पाकीट तिच्या मुठीतच राहिलं, ते मला दाखवायला आणलं होतं तिनं. त्या पिशवीला कोणी हात लावला नाही, मीही नाही. तीन दिवस ती तिथंच होती, मग कुत्र्यांनी फाडली.

गोळ्या मी दुसऱ्याच दिवशी पाठवल्या. उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगून, दोन महिन्यांच्या. हे गावात कोणी सांगत नाही. लिहा हे. ती जगली, ठणठणीत आहे, हेही लिहा, नाहीतर तुमच्या स्मरणिकेत तिला कोणी मारून टाकील, गोष्ट चांगली होते म्हणून.

पुढं सरकारनं जिल्हे उघडले, पुन्हा अमरावती बंद केली, पुन्हा उघडली, लस आणली, लसीवरूनही ओट्यावर भांडणं झाली, किसनाजी म्हणे सुई टोचली की मानूस दोन वर्षांत जाते, तो स्वतः दोन्ही सुया घेऊन अजून बिडी ओढून राहिला. कोणत्या दिवशी कोणती सीमा बंद होती हे आता कोणालाच सांगता येत नाही, पण बरोबर कोण होतं हे सगळ्यांना सांगता येते. पोरांनी ट्रॉली पेरणीला लागली म्हणून काढली. वच्छी मात्र त्यानंतर आमच्या गावात आली नाही. राखीला नाही, भाऊबीजेला नाही, माझ्या नातीच्या लग्नाला नाही.

मी गेलो तिच्याकडं. गेल्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गेलो. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, म्हणाली, या, बसा. चहा घ्याल काय जी? मी पाहतच राहिलो. साठ वर्षं जिनं मला तू म्हटलं, जी खांद्यावर बसून माझे केस ओढत होती, ती मला तुमी म्हणून राहिली, जी लावून राहिली, जसं कचेरीसमोर बसणाऱ्याला म्हणतात. मी म्हटलं, वच्छे, माह्यं चुकलं. ती म्हणाली, तुमचं कसं चुकन जी, तुमी लिवनारे मानसं. आवाजात राग नव्हता. राग असता त मी भांडलो असतो, मले भांडता येते. चहा पिऊन मी उठलो. ती दारापर्यंत आली, म्हणाली, सांभाळून जा जी.

आता नीट लिहा. किसनाजीनं विचारलं, सीमा म्हंजे काय जी, तेव्हा चाळीस माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं गाव मला काही विचारत होतं. मला हेच पाहिजे होतं. अर्थ मला माहीत होता. पण जिल्ह्याची हद्द म्हटलं असतं तर सगळे उठून घरी गेले असते, आपल्याले काय करायचं म्हणत. मी म्हटलं, सीमा म्हणजे शीव. दिनेश नाही बोलला, किसनाजी नाही बोलला, सरकार तर नाहीच नाही. मी बोललो. फलकावर नाव ऱ्हस्व आहे, मजकूर बरोबर आहे.

हे छापायचं की नाही ते दिनेश ठरवेल, आणि तो छापणार नाही, मला माहीत आहे. पण तुमचं भलं होवो, मॅडम, तुम्ही हा कागद आधी तिच्याकडं घेऊन जा. तिले वाचता येत नाही, तुम्ही मोठ्यानं वाचा, शिवेचं वाक्य दोनदा वाचा. ती शिव्या देईल. देऊ द्या, मधात बोलू नका, एकही शब्द शुद्ध करू नका. अन् त्या शिव्यात ती मले तू म्हनते का तुमी, तेवढं कान देऊन ऐकून या.