बायकोच्या चित्रातला माणूस

चौदा ऑक्टोबर, मंगळवार. सकाळपासून ढगाळ, वारा अजिबात नाही, उकाडा. आणि अशा उकाड्यात मी पोटाला दोन उशा बांधून, त्यावरून बायकोचा गाऊन चढवून, एक हात कमरेवर आणि दुसरा खिडकीच्या गजावर ठेवून केव्हाचा उभा, आणि बायको कॅमेऱ्यामागून म्हणते, "अहो, चेहऱ्यावर जरा आनंद आणा. सातवा महिना आहे तुमचा."

आता तुम्हीच सांगा, आनंद कुठून आणू? पाणी खात्यात नळांचे नकाशे सांभाळणारा माणूस मी. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, मिशी अर्धी पांढरी झाली... आणि प्रसूतिगृहाच्या माहितीपत्रकावर जी हसरी बाई खिडकीबाहेर बघत उभी राहणार आहे ना, जिच्याकडे बघून म्हणे कितीतरी बायकांना धीर येईल, ती कोण? मीच.

तुम्हाला सांगतो, चित्रकार बाईशी लग्न करताना हे कोणी सांगत नाही. लोकांना वाटतं, वा, घरी चित्रं, रंग, कला! कला वगैरे ठीक आहे हो, पण चित्रातला माणूस येतो कुठून? मनातून काढला तर त्याचा हात खांद्याऐवजी कानातून फुटल्यासारखा दिसतो, असं हीच म्हणते. दुसऱ्याचा फोटो बघून काढावा तर तो दुसऱ्याच्या मालकीचा. मॉडेल बोलवावा तर तो पैसे मागतो. मग उरतो कोण? जो घरात आहे, फुकट आहे आणि "दोन मिनिटं उभे राहा" म्हटल्यावर उभा राहतो तो. त्यात मी स्वभावाने सोशिक. सोशिक माणूस हलत नाही, आणि न हलणारा माणूस चित्रकाराच्या हाती लागला की त्याचं काय होतं ते माझ्याकडे बघा.

विमा कंपनीच्या जाहिरातीत जिना उतरताना घसरलेला म्हातारा? मीच. त्यासाठी मी आमच्या जिन्यात उताणा पडून होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू वाण्याकडून येताना माझ्या अंगावरून पिशवी सांभाळत पलीकडे गेल्या. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. सवय झालीय त्यांना. लहान मुलांच्या पुस्तकातली ती हाडकुळी चेटकीण, झाडूवर बसलेली? मीच, सोफ्याच्या हातावर बसून. दातांच्या दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टर वाकून रोग्याचा दात काढतोय, त्यातला रोगी मी. आणि डॉक्टर? तोही मीच. आधी आरामखुर्चीत आ वासून बसलो, मग उठून त्याच खुर्चीवर वाकलो. स्वतःचा दात स्वतः काढणारा जगातला मी एकटा माणूस असेन. झुरळांच्या औषधाची जाहिरात आली तेव्हा मी म्हटलं चला, या वेळी तरी सुटलो, झुरळाला माणूस कशाला लागतो... "अहो, पाठीवर पडून हातपाय वर करता का जरा?"

केला विरोध. करत नाही असं नाही. दर वेळी मी सांगतो की हे शेवटचं. ती म्हणते, हो हो, शेवटचं, आणि तेवढी ती बादली डोक्यावर घ्या.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. ही कुठल्या कलाशाळेत गेलेली नाही. लग्नानंतर घरी बसून शिकली, मुलगी झोपली की वही घ्यायची आणि समोर जो पसरलेला असेल तो काढायची. पसरलेला कोण, ते सांगायला नको. बरीच वर्षं ती एजन्सीला चित्रं पाठवत राहिली आणि एजन्सी नम्रपणे परत पाठवत राहिली. एजन्सी म्हणजे काय, तर चित्रकार घरी बसून चित्र काढतो आणि एजन्सी बाहेर जाऊन त्याचं कौतुक करते, कारण स्वतःचं कौतुक करायला चित्रकार लाजतो. कामं ती आणते, भाव ती ठरवते. अखेर त्यांनी हिला यादीत घेतलं, त्या दिवशी ही फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि काही न बोलता सगळी भांडी घासून काढली, घासलेली सुद्धा. इतका आनंद मी हिला दुसऱ्या कशाने झालेला बघितला नाही. लग्नाच्या फोटोत सुद्धा नाही.

तर या एजन्सीचं एक पान असतं. इंटरनेटवर. त्यावर मोठ्या अक्षरात 'नवीन काम'. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक चित्रकाराची ताजी चित्रं एका ठिकाणी मांडायची, मग कंपन्यांची माणसं येऊन बघणार. आजवर काय व्हायचं, त्या पानावर हिचं एखादंच चित्र असायचं, बाकीची सुटी सुटी जायची. म्हातारा विम्यात, चेटकीण पुस्तकात, झुरळ दुकानात. कोणाला काय पत्ता? या वेळी हिचं काम बघणाऱ्या, एजन्सीतल्या एजंटबाईंनी पहिल्यांदाच सगळी शेजारी शेजारी मांडली. ओळीने. आणि बघतात तर काय...

फोन आला तो त्याच आठवड्यात, शुक्रवारी. ऊन, हलका वारा. बायकोचे हात रंगात, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला. एजंटबाईंचं बोलणं मधात बुडवलेल्या सुईसारखं. छान आहे म्हणाल्या, फारच छान आहे, रंग किती प्रसन्न, ती गरोदर बाई तर काळजाला हात घालते... एक विचारू का? ही सगळी माणसं एकमेकांची नातेवाईक आहेत का?

बायको म्हणाली, "नाही. का हो?"

एजंटबाईंनी मग एकेक सांगायला घेतलं. नाक तेच म्हणाल्या. डावा खांदा सगळ्यांचा खाली. सगळे उजव्या पायावर भार देऊन उभे. आणि चेहऱ्यावर एक भाव आहे, कसा सांगू, सगळेजण रांगेत उभे आहेत आणि खिडकी आत्ताच बंद झालीय असा. एका रुग्णालयाच्या गृहस्थांना कच्चं पान आधी दाखवलं, तर त्यांनी सरळ विचारलं होतं, आमचा डॉक्टर, आमचा रोगी आणि रोग्याला भेटायला आलेला पाहुणा, तिघं एकच कसे? मागे खुर्च्यांवर बसलेली गर्दी मोठी करून बघितली तर...

मी तिथेच दारात उभा होतो. उजव्या पायावर भार देऊन. गर्दीसुद्धा मीच होतो हो. सगळ्या खुर्च्यांवर आळीपाळीने बसलो होतो.

मग मध संपला आणि नुसती सुई राहिली. एजंटबाई म्हणाल्या, महिनाअखेर 'नवीन काम' उघडणार. त्याआधी एक मोठं चित्र पाठवा, ज्यात हा माणूस नाही. नाही जमलं तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका, पण आमची चित्रकारांची एजन्सी आहे, एका गृहस्थांची नाही.

तुम्हाला सांगतो, मी इतकी वर्षं सुटका मागत होतो. सुटलो. मग मला राग का यावा? पण आला. डावा खांदा खाली म्हणजे काय? बंद खिडकी म्हणजे काय? मी आरशासमोर जाऊन बघून आलो. चांगला सुखी चेहरा आहे. बराच वेळ बघितल्यावर कळतं.

बायकोने मात्र आदळआपट केली नाही, लगेच दुसरा माणूस आणला. कोण? तिचाच भाऊ. माझा मेहुणा म्हणजे रोज व्यायाम करणारा माणूस, आणि त्याहून वाईट म्हणजे सांगत सुटणारा. आला तोच इस्त्रीचा शर्ट घालून. हिने सांगितलं, काही नाही रे, साधा बाकावर बस, बसची वाट बघत. हा बसला तो छाती पुढे काढून, पोट आत ओढून, हनुवटी वर, जणू बस नाही, पुतळ्याचं अनावरण व्हायचंय. साधा बस म्हटलं की आणखी ताठ. आणि वर मलाच शहाणपण शिकवतो, "भाऊजी, तुमचं काय चुकलं सांगू? तुम्ही प्रयत्नच केला नाहीत कधी." झुरळ झालेल्या माणसाला हा सांगतो प्रयत्नांबद्दल.

तरी हिने चित्र काढलं. मान मेहुण्याची, केस मेहुण्याचे, शर्टसुद्धा इस्त्रीचा. खांद्यापासून खाली बघितलं... नीट बघा, डावा खांदा खाली, बसल्या बसल्याही भार उजव्या अंगावर... मीच. मेहुणा चिडून गेला. हिने दुसरं काढलं. मुलीच्या मैत्रिणीला बसवून काढलं, काकूंना बसवून काढलं. काकू बिचाऱ्या नवी चप्पल घालून आल्या होत्या. कागदावर काय उतरलं? काकूंच्या चपलेत मीच.

मग ती गप्प झाली. आमच्या घरात ती गप्प झाली की पंख्याचा आवाज ऐकू येतो. जेवायला बसली आणि ताटात बोटाने रेघ काढत राहिली. मी म्हटलं, अगं, एवढं काय, यादीत नाव नसलं तर नसलं, आधी नव्हतं तेव्हाही तू काढतच होतीस. तर मान वर न करता म्हणाली, "माणूस उभा राहिला की त्याचं वजन कुठे जातं, हे मी तुमच्याकडे बघून शिकले. माझ्या हाताला दुसरं कोणी येतच नाही हो."

मी भाजी वाढून घेतली. इतकी वर्षं मी समजत होतो की आपण फुकटचा टांगलेला कोट आहोत, आणि आता ही बाई सांगते की तिची सगळी विद्या म्हणजे मी. आणि त्याच विद्येपायी तिला घालवायला निघालेत. पण ते राहू दे.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, माणूस नको म्हणतात ना? मग काढूच नकोस माणूस. जनावर काढ. आणि बघा, एजंटबाईंकडे तसं एक काम खरंच होतं. घरसामान हलवणारी कंपनी, त्यांना आपल्या ट्रकांवर रंगवायला एक चित्र हवं होतं: गाडीवर सगळा संसार लादलेला, कपाटं, गाद्या, आरसा, आणि पुढे ओढणारा एक घोडा. माणूस कुठेच नाही. गाडीवानसुद्धा नको म्हणाले. बायको खुलली. कपाटं भराभर काढली, गाद्या अशा काढल्या की झोप यावी. राहिला घोडा.

घोडा आणायचा कुठून? मुलीच्या लहानपणचा लाकडी घोडा माळ्यावरून काढला, तो कागदावरही लाकडीच उतरला. फोटो बघून काढला, तो ओढतोय असं वाटेना, गाडीला टेकून उभा राहिलाय असं वाटे. तारीख जवळ आली. मी खोलीत पेपर वाचत होतो, आणि दारात ही येऊन उभी. हातात कपडे वाळत घालायची दोरी.

मी पेपर घडी करून ठेवला.

आमच्या बोळकांडीत, तुम्हाला सांगतो, मी हातापायांवर उभा. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक सोफ्याला, सोफ्यावर दोन सुटकेसा आणि हिचं शिवणयंत्र, कारण वजन खरं असल्याशिवाय पाठ खरी दिसत नाही. ओढा म्हणाली, ओढलं. मान खाली घाला म्हणाली, घातली. सोफा वीतभर सरकला आणि माझ्या कमरेत काहीतरी त्याहून जास्त सरकलं. तेवढ्यात दार उघडं बघून काकू आत आल्या, विरजण मागायला. माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आणि बायकोला म्हणाल्या, "यांना पाणी दाखवलंस का?"

चित्र झालं. बघितलं मी. घोडा बरं का, घोडाच. चार पाय, खूर, आयाळ, शेपूट. पाठीवर असं काही ओझं आलंय की गाडीतलं एकेक कपाट त्याला ठाऊक आहे असं वाटावं. पण मान किंचित डावीकडे कललेली. आणि तो जे बघतोय ना समोर... खिडकी आत्ताच बंद झालीय. पाठवून दिलं.

एकोणतीस तारखेला फोन आला. सकाळी धुकं, नंतर लख्ख. बायको टेबलाची कड धरून उभी, मी दारात. एजंटबाई बराच वेळ नुसत्या हं, हं करत होत्या. मग म्हणाल्या, छान आहे, फारच छान आहे... एक विचारू का? हा घोडा ओळखीचा वाटतो.

बायको म्हणाली, "माणूस नाहीये त्यात."

बाई चित्र मोठं करून बघत असाव्यात.

"नाही," एजंटबाई म्हणाल्या. "माणूस नाही."

एकतीस ऑक्टोबर, शुक्रवार. आकाश स्वच्छ, गारवा. 'नवीन काम' सकाळी उघडलं, घोडा पहिल्या ओळीत आहे. यादीत बायकोचं नाव कायम. कंपनीने चित्र घेतलं, एक दुरुस्ती सांगून: घोड्याचे मागचे पाय माणसासारखे पुढे वाकलेत, ते मागच्या बाजूला वाकलेले हवेत. उद्या नाश्ता झाल्यावर मला बोळकांडीत बोलावलं आहे.