डोंगराचा गुडघा

होळंबा : पाय उचल, तिरुमा. पाणी टाचेला लागलंय तुझ्या.

तिरुमा : कळतंय, वन्सं. टाच माझीच आहे. गोल फिरू या. गोल फिरलं तरी ते चालणंच झालं.

होळंबा : आणि असं किती वेळ फिरायचं? समोर बघ की. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता डोंगर आडवा पडलाय. मुंगीला शिरायला फट नाही. मला तर भोवळ यायला लागली.

तिरुमा : मग तुम्ही बसा त्या दगडावर. पाणी माझ्या मागे लागलंय, तुमच्या नाही.

होळंबा : हो, मी बसते, आणि तू जरा दम खाऊ म्हणून उभी राहशील. म्हणजे झालं तळं. भिंगुळला विसरलीस वाटतं. तोही असाच नदी मागे घेऊन बायकोच्या माहेरी पोचला आणि पायातला काटा काढायला म्हणून खाली बसला. नदी पण बसली त्याच्याबरोबर. ती काही उठली नाही पुन्हा. अजून त्या तळ्याच्या तळाशी लोकांच्या चुली आहेत.

तिरुमा : मी बसणार नाही.

होळंबा : तोही घरून निघताना हेच म्हणाला असेल.

(दोघी डोंगराच्या पायथ्याशी गोल गोल चालत आहेत. तिरुमाच्या मागोमाग, तिच्या पावलांवरून, नवी नदी चालली आहे.)

तिरुमा : वन्सं, एक विचारते. खरं सांगाल?

होळंबा : मी कधी खोटं बोलले तुझ्याशी?

तिरुमा : काल फाट्यावर मी उजव्या हाताला वळत होते. तुम्ही म्हणालात, डावीकडून चल, मोरुख जवळ पडेल. तुम्ही दरसाल मीठ आणायला याच वाटेने जाता. हा डोंगर इथे येऊन पडलाय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

होळंबा : डोंगरांचं काय सांगावं. आज इथे असतात, उद्या तिथे.

तिरुमा : वन्सं.

होळंबा : होतं ठाऊक. मागच्या फेरीला डोळ्यांनी बघून गेले होते. मुद्दाम आणलं तुला इथे. आता बोल काय बोलायचं ते.

तिरुमा : मी काय बोलू. तुम्हीच सांगा, का आणलंत?

होळंबा : वाटलं, डोंगर बघितलास की मुकाट पूर्वेला वळशील. पूर्वेला उतार आहे, मऊ जमीन आहे, आपल्याच चुलत्यांची कुरणं आहेत. तिथे जायचं आणि खुशाल बसायचं. होईना का दलदल. नदी तिथे जिरेल, तू काठावर झोपडी घालशील, तुझे केस पांढरे होतील. मी येत जाईन अधूनमधून भांडायला. समुद्राचं तोंड बघायला नको.

तिरुमा : आणि सायुल?

होळंबा : तिला बोलावून घेऊ. लेक आहे तुझी, येईल.

तिरुमा : नाही यायची. मोरुखहून तिचा निरोप आला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. पहाटे दगडावरचं दव चाटतात म्हणाली. दिवसा निवडुंग पिळतात. बाळंतिणीच्या अंगात दूध उतरत नाही. तिचं पहिलं तसंच गेलं. आता दुसरं झालंय, त्याला ती चिंधी भिजवून चोखायला देते. तरी म्हणाली, आई, शेजारणीचं पोर मागे टाकून माझं तेवढं घेऊन कशी येऊ?

होळंबा : म्हणाली खरी.

तिरुमा : मी त्या पोराला पाणी न्यायला निघालेय. चुलत्यांच्या कुरणात दलदल करायला नाही.

होळंबा : हट्टी. सगळं घरच हट्टी. तुझा नवरा कारूण असाच. तू तेव्हा सायुलच्या वेळची बाळंतीण होतीस, तू नव्हतीस किनाऱ्यावर. मी होते. माझा पाठचा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत समुद्रात चालत गेला. नदीने सोडलं त्याला, समुद्राने नाही सोडलं. एकदासुद्धा वळून पाहिलं नाही त्याने. पाहता येत नाही, मला कळतं. तो वळला असता तर नदी वळली असती. पण मी तिथे उभी होते, तिरुमा. आणि आता भावजय पण त्याच वाटेने? समुद्राने काय माझंच घर बघून ठेवलंय?

तिरुमा : त्याच्या नदीचं पाणी पिता ना तुम्ही?

होळंबा : पिते. रोज पिते.

तिरुमा : मग मोरुखच्या बायकांनी कुणाचं प्यायचं?

होळंबा : असं काही विचारलंस की मला तुझा राग येतो.

ओर्णा : पायाशी कोण भांडतंय? ओर्णाच्या अंगावरचे पक्षी उडाले.

होळंबा : घ्या. डोंगरबाई जागी झाली.

तिरुमा : बरं झालं. थोरलीबाई, मी तिरुमा, आसुंबची. ही माझी नणंद होळंबा. माझ्या मागे पाणी आहे आणि मला पलीकडे मोरुखला जायचंय. वाट द्या.

ओर्णा : पाणी तुझ्या मागे का?

तिरुमा : वर्षभर झऱ्यापाशी निजले. उठल्यावरचा पहिला शब्द रोज त्याच्याशी बोलले, माणसांशी नंतर. त्याला माझी सवय झाली. आता मी जाईन तिथे येतं. समुद्रात शिरेपर्यंत मला सोडणार नाही.

ओर्णा : ओर्णा उठत नाही.

होळंबा : उठत नाही म्हणजे? दोन-तीन सालांमागे तर तुम्ही पार तिकडे वाळवंटात होतात. तेव्हा बरे पाय होते.

ओर्णा : ते चालायचं युग होतं. सरलं. आता जो डोंगर जिथे बसला, तिथला झाला. ओर्णाने जागा बघून अंग टाकलंय.

तिरुमा : हीच जागा का?

ओर्णा : इथून समुद्र दिसतो. ओर्णाची पिल्लं खेळत खेळत समुद्रात गेली. खोल गेली. तिथेच बसली. बेटं झाली. हाक ऐकत नाहीत. ओर्णा बघते.

तिरुमा : पूर्ण उठू नका. एक गुडघा तेवढा वर घ्या. मी खालून जाते, माझ्या मागून पाणी जाईल.

ओर्णा : गुडघा वर घेतला की तसाच राहणार. खाली जायचा नाही. आणि येणार कुठे? डोळ्यांच्या आणि पिल्लांच्या मधे. मग ओर्णा जन्मभर काय बघणार? आपलाच गुडघा?

होळंबा : ऐकलंस? तिलाही लेकरं आहेत. सोड आता, तिरुमा. तू मागे बघू नकोस, मी सांगते तुला मागे काय झालंय. तू फिरतेस तिथे डोह पडलाय. पाणी तुंबून मागे सरकायला लागलंय, आपण आलो त्या वाटेने. असंच चाललं तर आसुंबच्या झोपड्यांत शिरेल. पूर्वेला वळ. माझं ऐक एकदा.

तिरुमा : थोरलीबाई, तुम्ही इथून बघता. त्यांना तुमचं काय पोचतं?

ओर्णा : काही नाही.

तिरुमा : माझ्या पाण्याकडे बघा. आसुंबहून निघालं तेव्हा नितळ होतं. आता लाल आहे. जिथून जिथून आलं तिथली माती त्याने उचलली. तुमच्या गुडघ्याखालून गेलं तर तुमची उचलेल. रोज उचलेल. समुद्रात नेऊन सोडेल, ती बेटांच्या अंगाला लागेल.

ओर्णा : म्हणजे ओर्णा झिजणार.

तिरुमा : झिजणार. खोटं कशाला सांगू.

ओर्णा : किती?

तिरुमा : हळूहळू पूर्णच.

ओर्णा : आणि पोचेल कशावरून? तुला वाट हवी आहे. तू गोडच बोलणार. ती दुसरी सांगू दे. ती तुझ्या विरुद्ध आहे.

होळंबा : मी?

ओर्णा : तू. पाणी माती नेतं, पोचवतं, हे खरं की खोटं?

होळंबा : मला कशाला मधे घेता, थोरलीबाई.

तिरुमा : सांगा, वन्सं.

होळंबा : मी खोटं म्हटलं तर ही पूर्वेला वळेल. जगेल.

तिरुमा : हो. तुम्ही खोटं म्हटलंत तर वळावंच लागेल मला. आसुंब बुडवून तर पुढे जाणार नाही मी. म्हणा काय म्हणायचं ते.

होळंबा : काय बाई आहेस तू. माझ्या गळ्यात टाकून मोकळी झालीस.

ओर्णा : ओर्णा वाट बघतेय.

होळंबा : ऐका तर मग. माझ्या भावाची नदी समुद्राला मिळते तिथे मी दरसाल जाते. मीठ हे निमित्त, खरं तर तिथे जाऊन बसते. तो गेला तेव्हा तिथे काळंभोर खोल पाणी होतं. आता तिथे जमीन आहे. नदीने माती आणून आणून केलेली. गवत उगवलंय तिच्यावर, बगळे येतात. आणि ती माती आमच्या आसुंबच्या टेकडीची आहे. त्या रंगाची माती दुसरीकडे कुठे नाही, मी हातात घेऊन पाहिलीय. पोचते, थोरलीबाई. आम्ही माणसं मेलो तरी पोचत राहते.

ओर्णा : खाली मान घाला दोघी. दगड पडतील.

तिरुमा : वन्सं, इकडे या, माझ्या डाव्या अंगाला.

होळंबा : अगं बाई. उचलतेय की खरंच. केवढा तो आवाज.

ओर्णा : धाकटं दिसत नाही आता. मधलं अर्धं दिसतंय. आता तेही गेलं. जा. अजून वर घेता येत नाही. दुखतंय.

तिरुमा : पुष्कळ झालं, थोरलीबाई. एक माणूस जाईल एवढी वाट आहे, मला एवढीच हवी. येते मी. तुमची पहिली माती आजच निघाली म्हणून समजा.

ओर्णा : धाकट्याला आधी दे. ते कडेला आहे, त्याला लाटा फार लागतात.

तिरुमा : देते.

होळंबा : थांब. म्हणजे थांबू नकोस, अजून एक फेरी घे. आधी मी शिरते.

तिरुमा : तुम्ही कुठे? तुम्ही आसुंबला परत जा. डोह ओसरेपर्यंत लोक घाबरतील, त्यांना सांगायला हवं.

होळंबा : पाणी ओसरलेलं त्यांना दिसेल, डोळे आहेत त्यांना. मी मोरुखला जाते. तू येणार नदीच्या चालीने, मी माझ्या. तू पोचशील तेव्हा काय होणार, याचा विचार केलायस का? तुला तिथे थांबता यायचं नाही. घोटभर पाणी प्यायलासुद्धा नाही. थांबलीस की सगळं मोरुख पाण्याखाली. सायुल बापडी घरात कंद भाजत बसेल आणि आई दारावरून निघून जाईल.

तिरुमा : केलाय विचार. म्हणून तर बोलत नव्हते त्याबद्दल.

होळंबा : मग मी करते काहीतरी. पुढे जाऊन तिला वेशीवर उभी करते, बाळ घेऊन. तू दिसलीस की तिला तुझ्या बरोबरीने चालायला लावते. पाण्याच्या पुढे राहिलं की झालं. समुद्र तिथून जवळ नाही, बरीच वाट आहे. तेवढी तर तुम्हा दोघींची.

तिरुमा : तिला चालवेल? ओली बाळंतीण आहे ती.

होळंबा : तुझी लेक आहे. फरपटत येईल, पण येईल. तिला नाही जमलं तर बाळ मी आणते. तुला घेता येईल का गं त्याला, चालता चालता? त्याला काही आडकाठी नाही ना?

तिरुमा : पाय थांबायचे नाहीत एवढंच आहे. हातांबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही.

होळंबा : मग झालं तर. आणि किनाऱ्यावर?

तिरुमा : किनाऱ्यावर बाळ सायुलकडे देईन. तुम्ही तिला घट्ट धरा. मला हाक मारू नका, तिलाही मारू देऊ नका.

होळंबा : नाही मारणार.

तिरुमा : तुमच्यावर माझा राग नाही, वन्सं. डावीकडच्या वाटेने आणलंत म्हणून.

होळंबा : असू दे राग. मला चालेल. मी तुला जगवायला निघाले होते आणि आपल्याच तोंडाने वाट करून दिली. निघते आता, नाहीतर इथेच रडत बसेन. बाळ झोपलेलं असलं तर काय करू?

तिरुमा : उठवा, वन्सं. रडलं तरी उठवा.