थरथर सांभाळणारी लेन्स

कॅम्प तीनच्या नाक्यावर शेअर रिक्षा इंजिन चालू ठेवून शेवटच्या सीटची वाट बघत होती. माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या मांडीवर कॅमेरा होता.

“हात थरथरतो म्हणून एवढी लेन्स आणलीत, तरी फोटो हललेच ना?”

“स्टँडवर लावून काढले गं. दुकानदार आत्ता म्हणाला, स्टँडवर लावला की लेन्सचं हे थरथर सांभाळायचं बटण बंद करायचं. नायतर ती नसलेली थरथर शोधते आणि स्वतःच हलते.”

“तुमच्यासारखीच. काम नसलं की घरभर येरझाऱ्या.”

“आता हातातच धरणार. हाताचं ती बघून घेते.”

“आणि करिष्माच्या हळदीत नाचणाऱ्या पोरी? त्यांना पण धरते का?”

“नाय. समोरचा हलला की तिचा इलाज नाय.”

“मग स्टुडिओवाल्या तुषारलाच सांगू का फोटोचं?”

“अख्ख्या सोनिवलीच्या हळदी मी काढल्या. आणि माझ्या नातीची तुषार काढणार?”

“बरं बाबा. मग आधी मला काढून दाखवा.”

“इथं? रिक्षा थरथरतेय, मी थरथरतोय.”

“मी नाय ना थरथरत. काढा.”

“हसू नको मग, मोती.”

“बोलू नका. काढा.”

खट्.

“बघू... डोळे मिटलेत तुझे.”

“मिटू देत. हलला नाय ना?”

“नाय.”

“तुषारला सांगते, नुसता जेवायला ये.”